खाजणाच्या चरातले मासे ओहोटीवर मोजायची रीत

बोय, काळुंदर, जिताडा यांची पिल्लं भरतीबरोबर चरातून (पाणी आत-बाहेर करणाऱ्या अरुंद ओहोळातून) खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाऱ्या दलदलीत, शिरतात, तिवरांच्या मुळांत आणि मोरस या खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतीच्या आडोशाला चरतात आणि ओहोटीला त्याच वाटेनं परततात. त्यामुळे चिखल तुडवत आत फिरायचं काम नाही. चराचं तोंड जाळ्यानं अडवलं की पुरे. जागा कांदळवनाच्या राखीव हद्दीत असेल तर वनखात्याची परवानगी आधी हातात हवी.

चर ४ ते ६ मीटर रुंद तोंडाचा आणि ओहोटीला जवळपास कोरडा पडणारा निवडा. मध्ये डबकी उरली की पुष्कळ मासे तिथंच थांबतात आणि आकडा कमी येतो.

भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी खाजणावर नीट चढत नाही; पुनव-अवसेच्या आसपासचं उधाणच, म्हणजे मोठी भरतीच, हवं. पण पुनवेला किंवा अवसेला मुंबई-रायगडकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि जाळं आवरेपर्यंत अंधार पडतो. त्रयोदशी सोयीची: पूर्ण भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणनं गुणायचं, १३ × ०.७५, म्हणजे सकाळी पावणेदहा. हा कोळ्यांचा ढोबळ हिशेब; छापील तक्त्याशी ताळा करूनच निघा.

जाळ्याचा आस (विणीतलं भोक) ६ मिलिमीटर, लांबी चराच्या दीडपट, उंची भरतीच्या पाण्यापेक्षा अर्धा मीटर जास्त, मधोमध पिशवी. आदल्या दिवशी दुपारच्या ओहोटीला दर मीटरला खुंट ठोका आणि तळाचा दोर १५ ते २० सेंटिमीटर चिखलात पुरा. बहुतेक मोजण्या फसतात त्या इथंच: दोर उचलला गेला की पिल्लं खालून सटकतात. जाळं गुंडाळून तळाशीच बांधून ठेवा. भरती थांबली की काठावरून दोऱ्या ओढून ते उभं करायचं, पाण्यात उतरायचं नाही, नाहीतर मासे बुजतात.

पाणी ओसरताना तिवरांची पानं जाळ्यात अडकतात, आस बुजतात आणि पाण्याच्या दाबानं खुंट कलतात. दर दहा मिनिटांनी पानं काढत राहा.

पिशवीतले मासे सावलीतल्या बादल्यांत, त्याच चराच्या पाण्यात ठेवा. दाटी झाली तर प्राणवायूअभावी बोय आधी मरतात. प्रत्येक जातीचे ३० मासे मोजपट्टीवर लावा, बाकीचे नुसते मोजा. बोटभर बोयींची जात डोळ्यांनी ठरवू नका, ‘बोय’ एवढंच लिहा. सोबत पाण्याची क्षारता नोंदवा, कारण श्रावणातला आकडा माघातल्या आकड्याशी तिच्याशिवाय ताडता येत नाही.

मासे सोडल्यावर जाळं उलगडून पाहा. खेकड्यांनी मुठीएवढं भोक पाडलं असेल तर त्या दिवसाची मोजणी बाद.