रसायनांच्या निर्यातीत कोणता देश सरस, हे कसे मोजावे

एखादा देश किती अब्ज डॉलरची रसायने बाहेर पाठवतो, एवढ्यावरून त्याची स्पर्धाक्षमता ठरत नाही. मोठ्या अर्थव्यवस्थेची निर्यात बहुधा मोठीच असते. म्हणून आधी तुलनेची कक्षा आखून घ्यावी. व्यापारातील मालाला अंकी कोड देणाऱ्या एचएस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रकरण २८ ते ३८ रसायनांची आहेत, प्लास्टिक ३९ मध्ये जाते, आणि प्रकरण ३० मधील औषधे धरली की वगळली यावर क्रमवारीच पालटते. आयर्लंडचे आकडे तर विशेष जपून वापरावेत, कारण बहुराष्ट्रीय औषध कंपन्यांनी कराच्या सोयीने तेथे दाखवलेला नफा निर्यातमूल्यात मिसळलेला असतो, आणि सेंद्रिय रसायनांचे प्रकरण २९ देखील त्यातून सुटत नाही.

आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या विदागारातून घ्यावेत आणि एकाच वर्षावर विसंबू नये; २०२२ मध्ये युरोपात रसायन उद्योगाला लागणारा नैसर्गिक वायू कमालीचा महागला होता, त्यामुळे ते वर्ष एकटे घेतल्यास जर्मनीविषयीचा निष्कर्ष फसवा ठरेल.

यानंतर अर्थतज्ज्ञ बेला बालासा यांनी १९६५ मध्ये मांडलेला प्रकट तुलनात्मक लाभाचा निर्देशांक काढावा: देशाच्या एकूण निर्यातीतील रसायनांच्या वाट्याला जागतिक निर्यातीतील रसायनांच्या वाट्याने भागावे. समजा, देशाच्या ४०० अब्जांच्या निर्यातीत रसायने ६० अब्जांची, म्हणजे १५ टक्के आहेत आणि जागतिक वाटा १० टक्के आहे. तर निर्देशांक १.५ येतो, आणि १ च्या वरची किंमत सरसपणा दर्शवते. मात्र केवळ तेल महागल्याने हीच एकूण निर्यात ६०० अब्जांवर गेली आणि जागतिक वाटा तोच राहिला, तर एकही कारखाना न बिघडता निर्देशांक १ वर उतरतो. सौदी अरेबियासारख्या देशाबाबत हा दोष फार छळतो. तेथे तेल वगळलेल्या निर्यातीवर हिशेब पुन्हा करून पाहणे मला आवश्यक वाटते.

बालासांचे सूत्र आयात पाहतच नाही. त्यासाठी निर्यात उणे आयात या फरकाला दोहोंच्या बेरजेने भागावे. भारताच्या बाबतीत कृत्रिम सेंद्रिय रंगांत (एचएस कोड ३२०४) पारडे निर्यातीकडे झुकते, तर संपूर्ण प्रकरण २९ घेतल्यास अलीकडच्या वर्षांत आयातच भारी पडते. म्हणून शक्य तेथे चार किंवा सहा अंकी कोडपर्यंत उतरावे. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या आकड्यांत रॉटरडॅम व अँटवर्प बंदरांतून केवळ पुढे रवाना होणारा मालही असतो, तेव्हा पुनर्निर्यातीची वेगळी नोंद मिळाल्यास ती आधी वजा करावी.