मांसाहार सोडताय? ताटातल्या या चुका टाळा

कोणी आळंदीला जाऊन माळ घालतं, कोणी श्रावण पाळतापाळता पुढेही तेच चालू ठेवतं, कोणाला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तंबी दिलेली असते. कारण काहीही असो, ‘खाणाऱ्या’ घरातला माणूस मांसाहार सोडायला निघाला की पहिले पंधरा दिवस उत्साहात जातात. मग तक्रारी सुरू होतात. जेवूनही पोट भरल्यासारखं वाटत नाही, संध्याकाळी गळून जायला होतं, गॅस धरतो, वजन उलट वाढतं. शेवटी ‘आपल्याला नाही बुवा झेपत’ म्हणत गडी रविवारी पुन्हा मटणाच्या रांगेत. अशा वेळी लोक मनोनिग्रहाला दोष देतात. मी आधी विचारते, काल दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगा.

मटणाची वाटी गेली, जागा रिकामीच

ही चूक सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त लोकांची. मटण-मासे बंद होतात आणि ताटात उरतं ते आधीच्याच जेवणातलं बाकीचं: पोळी, बटाट्याची भाजी, भात आणि वर पळीभर पातळ वरण. इतकी वर्षं प्रथिनांचा भार त्या एका वाटीवर होता, तो कोणी उचललेलाच नसतो.

हिशेब सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. शिजलेल्या चिकनच्या १०० ग्रॅममध्ये त्यातली निम्मी एका बैठकीत मिळून जातात. आता पातळ वरणाची वाटी घ्या. तिच्यात कोरडी तूरडाळ असते जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम. बटाट्याच्या भाजीत दोनेक ग्रॅम. पोळ्या आणि भात आपल्या परीने बराच हातभार लावतात, लोक समजतात तितके ते निकामी नाहीत. तरीही दिवसाअखेरीस बारा-पंधरा ग्रॅमचा खड्डा राहतो आणि संध्याकाळी पाच वाजता बिस्किटांच्या पुड्याकडे हात जातो तो त्यामुळेच.

खड्डा भरायला महागडे डबे आणायची गरज नाही. वरण घट्ट करा, पळीवाढं. दोन्हीपैकी एका जेवणात मोड आलेल्या मटकीची, मुगाची किंवा चवळीची वाटीभर उसळ ठेवा. त्यातून सात-आठ ग्रॅम येतात. मूठभर शेंगदाण्यांत तितकीच. वाटीभर दह्यात चार-पाच. ज्या दिवशी उसळ नाही त्या दिवशी पिठलं, कुळथाची पिठी किंवा शेंगोळे. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी धान्यात लायसिन कमी असतं आणि कडधान्यात मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही खायला हवीत. एकाच ताटात पाहिजेत असं काही नाही, दिवसभरात आली की झालं.

माळकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. माळ घातली की महिन्याच्या दोन एकादश्या आल्या, आणि एकादशी म्हणजे साबुदाणा. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट पदार्थ, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. खिचडीत जे काही मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून. कुटाचा हात सढळ ठेवा, नाहीतर वरीचा भात आणि दाण्याची आमटी करा, सोबत ताक.

आगीतून फुफाट्यात: पनीर

दुसऱ्या टोकाचे लोक ‘प्रोटीन पाहिजे’ म्हणून आठवड्यातून पाच वेळा पनीर खातात. पनीर वाईट नाही. १०० ग्रॅममध्ये अठराएक ग्रॅम प्रथिनं असतात. पण त्याबरोबर वीसेक ग्रॅम स्निग्धांशही येतो, आणि तो बहुतांशी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा. कोलेस्टेरॉलसाठी मटण सोडलेल्या माणसाने लोण्या-सायीतली पनीरची भाजी बटर नानबरोबर खायची यात कोणता फायदा झाला, हे त्याच्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. तसा वडापावही शाकाहारीच आहे.

सोयाबीनच्या वड्या याहून स्वस्त आणि प्रथिनांत कितीतरी वरचढ: कोरड्या १०० ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम. पण लोक त्या थेट रश्शात टाकतात, मग घरभर पेंडीचा वास सुटतो आणि पाकीट फडताळात जाऊन पडतं. आधी मीठ घातलेल्या पाण्यात उकळा, दोनदा थंड पाण्यातून काढा, मुठीत धरून पाणी निपटून पिळा. मग दही, आलं-लसूण, हळद लावून अर्धा तास ठेवा. वास राहत नाही.

मसाला कशाला सोडलात?

मांसाहार सुटला की अनेक घरांत का कोण जाणे सगळं स्वयंपाकघरच पथ्यावर जातं. वाटण बंद, कांदा-लसूण मसाल्याची बरणी मागे, लाल तिखट कमी. ज्यांनी कांदा-लसूण धर्माचरण म्हणून सोडला त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांनी जिभेला ही शिक्षा कशाला द्यायची? जीभ ज्याची आठवण काढते त्यात निम्मा वाटा मटणाचा नसतोच. भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा, तर्रीचा आणि त्या वासाचा असतो. हे सगळं शाकाहारीच आहे.

आपल्याकडे तर याची तयार वाट आहे. सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याचं सांबार आंबोळीबरोबर कोंबडीच्या तोडीनं खातात. कराड-इस्लामपूरकडे ढाब्यावर अख्खा मसूर मिळतो, विदर्भात पाटवडी रस्सा, जुन्नर-मंचरकडे बेसनाची मासवडी. या मंडळींना कोणी ‘मटणाऐवजी’ म्हणत नाही, त्या आपल्या पायावर उभ्या आहेत.

रस्सा पांचट होतो ही नेहमीची तक्रार, तिचं कारण आणि उपाय बघा. मटणाच्या रश्शाला दाटपणा येतो हाडांतून आणि चरबीतून. ते दोन्ही गेल्यावर त्याच मापाने पाणी घातलं तर रस्सा पाणचट होणारच. काळे वाटाणे रात्रभर भिजवून मीठ घालून, बोटाने चिरडतील इतके मऊ शिजवा. सुकं खोबरं आणि उभा कांदा लोखंडी तव्यावर चांगला काळपट होईपर्यंत भाजा. इथेच घाई होते. वाटण मिक्सरमध्ये घालताना शिजलेले दोन डाव वाटाणेही त्यातच टाका, दाटपणा त्यातून येतो. तेल रोजच्यापेक्षा थोडं जास्त. वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परता, मसाला घाला आणि त्यावर उकळतं पाणी ओता. गार पाण्याने तर्री येत नाही.

मासे सोडणाऱ्यांचं दुःख वेगळं, त्यांना कुरकुरीत तुकडी हवी असते. नीरफणसाच्या पातळ कापांना मीठ, हळद, तिखट आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावा, रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळा. सुरणाचेही होतात, फक्त आधी आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात ठेवा, नाहीतर घसा खाजेल. बांगड्याच्या हुमणातला, म्हणजे आमटीतला, तो वेगळा वास तिरफळाचा, कोकणातल्या मसाल्याच्या फळाचा. गोव्यात खतखत्यातही, म्हणजे मिश्र भाज्यांच्या शाकाहारी पदार्थातही, तिरफळ घालतात. आतली काळी बी काढून टाका आणि टरफलं ठेचून शेवटी टाका.

पोट फुगलं म्हणून डाळी बंद

आयुष्यभर आठवड्यातून एकदा उसळ खाल्लेल्या माणसाने रोज छोले-राजमा सुरू केला तर पोट कुरकुरणारच. आतड्यांतल्या जिवाणूंना या नव्या तंतूंची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. सुरुवात मूगडाळ, मसूर, मोडाचे मूग यांनी करा. वाल, छोले, वाटाणे नंतर. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा. फोडणीत हिंग, ओवा घाला आणि जेवणानंतर सोलकढी किंवा ताक घ्या. राजमा मात्र कधीही कच्चा-पक्का खाऊ नका. त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. ते सणसणून उकळल्यावरच नष्ट होतं, मंद आचेवर कोमट शिजवून नाही.

बी-१२: उशिरा कळणारं दुखणं

इथे ‘मला तर काहीच झालं नाही’ हे वाक्य फसवं आहे. या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात असतो आणि आधी मांसाहार करणाऱ्याला तो काही वर्षंसुद्धा पुरू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी सगळं छान असतं. मग हातापायांना मुंग्या, जीभ लाल आणि हुळहुळी, विसराळूपणा, जिना चढताना धाप. तोवर मांसाहार सोडल्याशी याचा संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

पालक, बीट, खजूर यांत बी-१२ नसतं. वनस्पतींमध्ये ते भरवशाचं मिळतच नाही. स्पिरुलिनातलं आपल्या शरीराच्या कामाचं नसतं. शाकाहारात उरतं दूध आणि दही. १०० मिली दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, आणि रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या वर. चहापुरतं दूध घेणाऱ्याचं त्यात भागत नाही. अंडं चालत असेल तर चांगलंच. दूधही सोडणार असाल तर गोळीला पर्याय नाही.

सुरुवातीलाच एकदा रक्त तपासून घ्या, मग वर्षातून एकदा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेत असाल तर हे टाळूच नका, कारण दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. आणि ‘रक्त कमी आहे’ म्हणून स्वतःच्या मनाने फक्त फॉलिक ॲसिड घेऊ नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

जेवणावर चहा, आणि सैंधव

वनस्पतींतलं लोह मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, त्यात जेवल्याजेवल्या चहा प्यायला तर आणखी कमी. चहा तासभर पुढे ढकला. उसळीवर लिंबू पिळा, तोंडी लावायला आवळा किंवा कच्ची कोशिंबीर घ्या. क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते ठेवू नका. ज्यांची मासिक पाळी चालू आहे त्यांनी हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवावं. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्या आहारात हा बदल डॉक्टरांशी बोलूनच करा.

सात्त्विक राहायचं म्हणून बरेच जण मिठाऐवजी सैंधव आणतात. मासे आयोडीन देत होते, ते गेले. आयोडीनयुक्त मीठही गेलं. मग थायरॉइडला मिळणार काय? सैंधव उपवासापुरतं ठेवा. तेलकट माशांतून ओमेगा-३ सुद्धा मिळत होतं. त्याची पूर्ण भरपाई जवसाने होत नाही, पण चमचा-दोन चमचे जवसाची चटणी रोज खाल्ली तर बरीच मदत होते.

‘फोडी काढून देते की’

फोडी बाजूला केलेला रस्सा शाकाहारी होत नाही. वांग्यात घातलेले सोडे (सुकी कोळंबी), चटणीतला जवळा, हॉटेलच्या सूपमधलं चिकनचं पाणी, थाई करीतला माशाचा सॉस हे सगळं नकळत पोटात जातं. पाकिटावरचं हिरवं टिंब बघा. मांसाहाराची खूण आता चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहे. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन आणि काही परदेशी चीजमधलं, दूध गोठवणारं वासराच्या जठराचं रेनेट यांचीही चौकशी करा. औषधाच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, पण त्यासाठी औषध बंद करू नका. गोळीचा पर्याय आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

घरच्यांशी मात्र नमतं घ्या. आई किंवा बायको आता दोन-दोन फोडण्या घालणार असेल तर आपली उसळ आपण करायला शिका, निदान कडधान्य भिजत घालायची जबाबदारी तरी उचला. समोरचा सुरमई खात असताना त्याला अहिंसा समजावू नका. वाटण एकच करून दोन कढयांत विभागलं तर कोणाचंच काम वाढत नाही.

गावच्या जत्रेची धास्ती बऱ्याच जणांना असते. पश्चिम महाराष्ट्रात बऱ्याच गावांत पहिल्या दिवशी देवाला गोडा नैवेद्य असतो, पुरणपोळीचा, आणि बोकड दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी जा, पोटभर पोळ्या आणि कटाची आमटी खा, पाहुण्यांना भेटा. मुक्काम करायचाच असेल तर आदल्या रात्रीच चुलत्यांना सांगून ठेवा, ‘काका, माझ्यापुरती डाळ शिजवायला सांगा.’ ऐन पंगतीत नाही म्हणण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोपं जातं.