कागदी पक्षी बनवताना या चुका टाळा

‘पंख खाली लोंबतायत, काय करू?’ नवख्यांचा हा प्रश्न ऐकून ऐकून कान किटले आहेत. त्यावर कुणीतरी हमखास सांगतं, आतून तार चिकटव. कृपा करून तार चिकटवू नका. बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतो, कागद आडवा वापरलेला असतो.

कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला लागतात. याला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी सरळ, स्वच्छ पडते. आडवी घातली तर कागद अडतो आणि घडीवर चिरतो. पंखाला दोन गोष्टी लागतात: खांद्यापासून टोकापर्यंत ताठपणा, आणि पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत हलका बाक. ग्रेन पंखाच्या लांबीला धरून असली की दोन्ही मिळतात. आडवी असली की पंख लोंबतो आणि बाकही टिकत नाही.

हे मला एका कागदी अल्बाट्रॉसने, म्हणजे लांब पंखांच्या समुद्रपक्ष्याने, शिकवलं. भटक्या अल्बाट्रॉसचा पंखविस्तार ३ मीटरच्या पुढे जातो. एक-षष्ठांश मापात दोन्ही पंख मिळून अर्धा मीटर. कार्डशीट मोठ्या तावातून कापून घेतली होती आणि ग्रेन तपासली नव्हती. तीन संध्याकाळी नुसत्या कापण्यात गेल्या. टांगला त्या दिवशी देखणा दिसला. मग आठवडाभर दमट हवा होती आणि पंखांची टोकं पोटाच्याही खाली आली. तार लावून पाहिली, ती वरून फासळीसारखी उमटली. शेवटी दोन्ही पंख कापून काढावे लागले. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून नवीन कागद आला की आधी दोन पट्ट्या कापतो, २ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर लांब. एक उभी, एक आडवी. एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरायच्या, मग उलटवून पुन्हा पाहायचं. ज्या वेळी दोन्हींमध्ये फट पडते, त्या वेळी खाली असलेली पट्टी आडव्या ग्रेनची. लगेच कागदाच्या मागे पेन्सिलने बाण काढून ठेवतो. काम दोन मिनिटांचं, तरी लोक टाळतात.

पॅटर्नची, म्हणजे कापायच्या भागांच्या आराखड्याची, प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा, माप १०० टक्के. एक पान लहान आणि एक मोठं निघालं तर मान धडाला बसणार नाही.

धडाला १६० ते २०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद, सुट्या पिसांना १२० पुरतो. ८० जीएसएमच्या साध्या कागदावर मेहनत घालवू नका.

घडीच्या रेषा कापण्याआधी दाबून घ्या. मी शाई संपलेलं बॉलपेन वापरतो.

कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधी रंगवा. नंतर ब्रश आत जात नाही.

आता गोंद. झटपट चिकटणारा गोंद कागदी कामात आणूच नका, असं माझं ठाम मत आहे. तो कागदात झिरपतो, काळपट डाग पडतो आणि सांधा हलवायला एक क्षणही मिळत नाही. वाट पाहायची तयारी नसेल तर चोच आणि डोळे कधीच जागेवर बसणार नाहीत. पांढऱ्या गोंदात पाणी असतं, म्हणून जाड थर दिला की कागद फुगतो आणि सुरकुततो. मी प्लॅस्टिकच्या तुकड्यावर थेंबभर गोंद घेतो, टूथपिकने पातळ ओढतो, सांधा धरून मनात तीसपर्यंत मोजतो. पुढचा भाग त्याच संध्याकाळी जोडायचा मोह होतो. मी रात्रभर थांबतो. आणि चिकटवण्याआधी सगळे भाग एकदा कोरडेच बसवून बघतो. पंखाची चिकटवायची पट्टी आतून दाबायची असेल तर पोट शेवटी बंद करा. बोट आत जाईल अशी जागा राहिली पाहिजे.

शेवटी शरीररचना. पक्ष्याच्या पायात मागे वळलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. तो चुकला की पक्षी उभा राहिला तरी खोटा दिसतो. पक्ष्यांखेरीज दुसरे उडणारे प्राणी केलेत तरी रचना बघा: वटवाघळाचा पडदा चार लांब बोटांवर ताणलेला असतो आणि अंगठा मोकळा राहतो, तर टेरोसॉरचा (नामशेष झालेल्या उडणाऱ्या सरीसृपाचा) पडदा एकट्या चौथ्या बोटावर असतो. म्हणून वटवाघळाचाच पॅटर्न मोठा करून त्याला टेरोसॉर म्हणू नका. पंख नव्याने काढा.