गोचिडी भिंतीत होत्या
आषाढात आमचा वाघ्या अचानक गप्प झाला. सुक्या बांगड्याच्या वासाने चुलीपर्यंत धावणारा कुत्रा ताटलीकडे बघेना. मला वाटलं, पावसाला कंटाळलाय. तिसऱ्या दिवशी ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या. (हे आधीच पाहायला हवं होतं.) मालवणला डॉक्टरांकडे नेला. रक्तात प्लेटलेट घसरलेल्या, गोचिडी चावून होणारा गोचीडताप. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या, 28 दिवस, खाण्यासोबत. पाचव्या दिवशी शेपटी हलली, तरी गोळ्या पुऱ्या केल्या.

खरी डोकेदुखी पुढे. अंगावरच्या गोचिडी वेचल्या की आठवड्यात पुन्हा हजर. शेजारचे काका म्हणाले, "रॉकेल लाव मरे!" नाही लावलं, कातडी भाजते आणि चाटलं तर विषच. डॉक्टरांनी विचारलं, "झोपतो कुठे?"

पडवीत, चिऱ्याच्या भिंतीला टेकून. रात्री बॅटरी मारली, तर फटीफटीतून गोचिडी वर चढत होत्या! रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्यावरून उतरते आणि असल्याच फटीत हजारो अंडी घालते. फटी सिमेंटने बुजवल्या, त्याचं जुनं गोणपाट जाळलं, वजनाप्रमाणे गोचिडीची गोळी दर महिन्याला सुरू केली.

गणपतीत स्वारी मोदकांवर टपून बसली होती.