‘महाराष्ट्र’ या शब्दात अक्षरं किती?

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. व्हेरिएबल, लूप, लिस्ट इथवर जमलं, डिक्शनरीपाशी अडलो. ‘की आणि व्हॅल्यू यांच्या जोड्या’ ही व्याख्या पाठ होती, पण तिचं करायचं काय ते उमगत नव्हतं. त्यात स्वाध्याय आला: दिलेल्या शब्दात कोणतं अक्षर किती वेळा आलंय ते मोजा.

उलगडा झाला तो किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीमुळे. दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव बघतो. वहीत त्याचं पान असेल तर रक्कम वाढवतो, नसेल तर नवं पान उघडतो. डिक्शनरीने मोजणं म्हणजे नेमकं हेच. नावाच्या जागी अक्षर, रकमेच्या जागी आकडा.

‘खटपट’ घ्या. मोजणी नावाची रिकामी डिक्शनरी करा (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं) आणि फॉर लूपने एकेक अक्षर उचला. मी थेट मोजणी[अक्षर] मध्ये एक मिळवायला गेलो आणि पहिल्याच ‘ख’ला की-एरर, म्हणजे ‘ही की डिक्शनरीत नाही’ असा निरोप आला. बरोबरच होतं, ‘ख’चं पान अजून उघडलंच नव्हतं. मग इफ-एल्स लिहिलं: अक्षर आधीच असेल तर एक मिळव, नसेल तर एक ठेव. पुढे ‘गेट’ मेथड कळली. पान नसेल तर शून्य दे, असं तिला सांगता येतं, म्हणजे तेच काम एका ओळीत होतं. हीच मोजणी करून देणारा ‘काउंटर’ तर पायथनमध्ये तयारच मिळतो. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे, पहिले काही दिवस तो वापरू नका. कागदावर रकाने आखा आणि प्रत्येक फेरीनंतर डिक्शनरीत काय आहे ते हाताने लिहा. मला लूप खऱ्या अर्थाने समजला तो त्या कागदावर.

‘खटपट’चं उत्तर ख १, ट २, प १ आलं. त्या आनंदात मी ‘महाराष्ट्र’ टाकला. शाळेत शिकल्याप्रमाणे म, हा, रा, ष्ट्र अशी अक्षरं चार. पायथनने लांबी सांगितली १०! डिक्शनरीत ‘ा’ दोनदा आणि पाय मोडण्याची खूण, म्हणजे हलंतही दोनदा, स्वतंत्र नोंद म्हणून. कोड चुकला असं वाटून मी संध्याकाळभर तो तपासत बसलो. कोडमध्ये काहीच चूक नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी, हलंत या प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे आणि पायथन ते क्रमांक मोजतं. हाच शब्द यूटीएफ-८ (हे क्रमांक साठवायची एक पद्धत) फाइलमध्ये ३० बाइट घेतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे तीन बाइट लागतात. ४, १० आणि ३० हे तिन्ही आकडे खरे आहेत. आपण काय मोजतोय हे आधी ठरवावं लागतं, एवढंच.

इथे आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी उदाहरणांत विरामचिन्हं गाळायला ‘इज-अल्फा’ ही ‘हे अक्षर आहे का?’ ते तपासणारी मेथड वापरतात. मराठीवर ते लावलं की काना-मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं गळून पडतं, कारण युनिकोडच्या वर्गवारीत ती अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. एरर काही येत नाही, उत्तर मात्र चुकतं.

मी शेवटी नियम लिहिला तो असा: चिन्हाचा वर्ग सांगणाऱ्या ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलनुसार चिन्ह ‘एम’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे जोडचिन्हांच्या वर्गातलं असेल, किंवा आधीचं चिन्ह हलंत असेल, तर ते मागच्या अक्षराला जोड. नाहीतर नवं अक्षर सुरू कर. असे तुकडे आधी लिस्टमध्ये भरले आणि मग डिक्शनरीने मोजले. ‘महाराष्ट्र’ चारवर आला! जुन्या लिखाणातल्या ‘अर्थात्’सारख्या शब्दाने तो नियम पुन्हा मोडला, कारण हलंतानंतरची मोकळी जागासुद्धा त्याला चिकटली. मोकळी जागा आली की नवा तुकडा, ही अट वाढवली.

तुमचं पहिलं उत्तर बरोबर आलं की ‘ॲप’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप करून बघा: एकदा ‘ॲ’ हे सबंध अक्षर घेऊन, एकदा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डिक्शनरीत मात्र दोन पानं उघडतात. नॉर्मलाइज करूनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची सोय वापरूनही) ती एक होत नाहीत, मोजण्याआधी रिप्लेसने एकाचं दुसरं करून घ्यावं लागतं. ‘दऱ्या’मधल्या ‘ऱ्य’चंही असंच आहे. काही कीबोर्ड त्यासाठी ‘ऱ’ घालतात, काही ‘र’, हलंत आणि डोळ्याला न दिसणारं, फक्त जोडणीपुरतं एक वेगळं चिन्ह. ते चिन्ह ‘एम’ वर्गात बसत नाही, त्यामुळे त्याची अट वेगळी लिहावी लागते. माझ्या कोडमध्ये ती ओळ सगळ्यात शेवटी आली.