वायफाय ब्रिज जोडताना आधी पत्ता, डीएचसीपी शेवटी

आमचं घर जांभ्याचं, भिंती दीड फूट जाड. फायबरचा राउटर ओटीवर आणि मागच्या पडवीत मोबाइलला जेमतेम एक दांडी. खरं तर लॅनची केबल ओढणं यासारखा उपाय नाही. घरचे भिंतीला भोक पाडू देत नसतील, तरच ब्रिजच्या नादी लागा. ब्रिज म्हणजे जुना राउटर मुख्य राउटरचं वायफाय बिनतारी घेऊन पुढे देतो, ती जोडणी.

जुना राउटर रिसेट करून लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला जोडा, वॅनच्या (बाहेरून नेटची केबल येते त्या) नाही. सेटिंगमध्ये डब्ल्यूडीएस (दोन राउटर बिनतारी जोडण्याची सोय) किंवा ब्रिज सापडत नसेल तर तिथेच थांबा. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे असले तर बरं. डब्ल्यूडीएस प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केलेलं आहे, वेगवेगळ्या कंपन्यांचं जमेलच असं नाही.

मुख्य राउटरवर 2.4 गिगाहर्ट्झचं चॅनल 'ऑटो'वरून काढून 1, 6 किंवा 11 वर कायम करा. ऑटोवर ठेवलंत तर तो कधीतरी स्वतःहून चॅनल बदलतो आणि ब्रिज तुटतो. सुरक्षा डब्ल्यूपीए2 ठेवा, डब्ल्यूपीए3 वर जुने राउटर अडतात.

आता खरी गोम. माझ्या दोन्ही राउटरांचा पत्ता, म्हणजे ब्राउझरमध्ये टाकून सेटिंगचं पान उघडतो तो आकडा, 192.168.0.1 होता. 'आधी ब्रिज जोडा, पत्त्याचं नंतर बघू' असा सल्ला ऐकून मी तसंच केलं. ब्रिज जोडला गेला, मी तोच पत्ता टाकला, पान उघडलं, डीएचसीपी (घरातल्या मोबाइल-लॅपटॉपना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद केलं. दोन्ही राउटर एकाच कंपनीचे, पानं हुबेहूब सारखी. बंद झालं होतं ते ओटीवरच्या मुख्य राउटरचं! थोड्या वेळात एकेक मोबाइल गळायला लागला आणि माजघरातून 'नेट कुठे गेलं?' सुरू झालं. मी मात्र तासभर पडवीतल्या राउटरलाच बोल लावत बसलो होतो.

म्हणून क्रम सोडू नका. सगळ्यात आधी दुसऱ्या राउटरचा पत्ता 192.168.0.2 करा. सेव्ह केल्यावर पान गायब होईल, घाबरू नका. केबल काढून परत लावा आणि नवा पत्ता टाका. मगच सर्व्हे किंवा स्कॅन दाबून मुख्य वायफाय निवडा, त्याचाच पासवर्ड द्या. ब्रिज जुळला की लगेच याच राउटरचं डीएचसीपी बंद करा. बंद करण्याआधी ब्राउझरमधला पत्ता .2 आहे ना, हे मी आजही बोट ठेवून वाचतो. डीएचसीपी दोन्हीकडे चालू राहिलं तर काही मोबाइल .2 लाच नेटचं दार समजतात. मग वायफाय दिसतं, नेट चालत नाही.

यानंतर लॅपटॉपला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळाला, म्हणजे मुख्य राउटरकडून पत्ता आलाच नाही, तर बहुधा ब्रिज जुळलेलाच नाही. लॅपटॉपला हाताने 192.168.0.50 आणि मास्क 255.255.255.0 द्या, .2 चं पान पुन्हा उघडेल. रिसेटची गरज नाही.

दुसरा राउटर पडवीत ठेवू नका. जिथे सिग्नलच नाही, तिथून तो पुढे काय देणार? आमचा माजघराच्या फडताळावर आहे, मोबाइलला दोन-तीन दांड्या मिळतात तिथे. वेग निम्म्यावर किंवा त्याखाली येईल, कारण एकच रेडिओ दोन्हीकडे बोलतो. दुसऱ्या वायफायला मी वेगळं नाव दिलंय, 'पडवी'. मोबाइल कुठे चिकटलाय ते लगेच कळतं.