टॅक्स क्रेडिट डोक्यात ठेवून ड्रामा सिरीज कशी लिहायची

ब्रेकिंग बॅड मुळात कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइडला घडणार होती, पण न्यू मेक्सिकोत टॅक्स क्रेडिट (म्हणजे तिथे केलेल्या खर्चाचा काही भाग सरकार परत देतं) मिळतंय म्हटल्यावर अख्खी गोष्टच उचलून आल्बुकर्कीला नेली आणि ते वाळवंट सिरीजचं अंगच होऊन बसलं. त्यामुळे टॅक्सचं नंतर अकाउंटंट बघेल असं करू नका, पहिल्या ड्राफ्टआधीच बघा.

ब्रिटनचं उदाहरण घेऊ. तिथे क्रेडिटसाठी 'हाय-एंड टीव्ही' म्हणजे महागड्या सिरीजच्या गटात बसायचं तर सिरीजच्या दर तासामागे किमान 10 लाख पौंड कोअर खर्च लागतो, म्हणजे प्री-प्रोडक्शन, शूटिंग आणि पोस्ट. डेव्हलपमेंट धरत नाहीत (लेखकाने वर्षभर घासलेलं सगळं त्यातच जातं, असो). पण ही सरासरी असते हं, त्यामुळे चार माणसं एका खोलीत भांडतायत असा स्वस्त एपिसोड बिनधास्त लिहा, बाकीच्यांनी भरून काढलं की झालं.

आता आकडेमोड. समजा कोअर खर्च 1 कोटी पौंड, सगळा ब्रिटनमध्येच. क्रेडिट 34 टक्के, पण ते जास्तीत जास्त 80 टक्के खर्चावरच, म्हणजे 27.2 लाख, त्यावर 25 टक्के कर गेला की हातात 20.4 लाख. खरी गंमत इथे आहे, वरच्या 20 टक्क्यांवर तसंही काही मिळत नाही, मग तेवढे परदेशात घातले तरी क्रेडिट एका पेनीनेही कमी होत नाही! तर नायिका देश सोडून पळणार असेल तर खुशाल पळू दे, फक्त तिकडचे सीन सहा एपिसोडमध्ये दोन-दोन पानं असे सांडून ठेवू नका, एकाच शहरात एकाच दमात शूट होतील असे लिहा.

शिवाय बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) कल्चरल टेस्ट असते, म्हणजे सिरीज पुरेशी ब्रिटिश आहे का ते बघतात, 35 पैकी 18 गुण लागतात, त्यात इंग्रजी संवादांचेच 6 पर्यंत मिळतात. जागा, पात्रं, विषय यांचेही गुण आहेत, पण गुणांसाठी घुसवलेलं पात्र वाचताना लगेच कळतं, तो उद्योग करू नका.

आणि हे पैसे आधी मिळत नाहीत, हिशोबाचा काळ संपल्यावर क्लेम करायचा, तोवर प्रोड्यूसर त्याच्या भरवशावर कर्ज काढून शूट करतो आणि व्याज चालू असतं. म्हणून शूटच्या आठवड्यात 'तो पावसातला रात्रीचा सीन दिवसा होईल का' असा फोन येतोच येतो. दिवसाचं व्हर्जन आधीच लिहून ठेवा.